तिसऱ्या रिळातला खलाशी

बेहेरे वकील पुण्याला जाऊन चार आठवड्यांचा रसग्रहणाचा वर्ग करून आले आणि रत्नागिरीत चित्रपट समजणारा एक माणूस तयार झाला. त्याआधी एकही नव्हता, असं त्यांचंच म्हणणं होतं. १९८४ च्या जानेवारीत त्यांनी फिल्म सोसायटी काढली. सभासद बासष्ट झाले. त्यांतले निम्मे वकिलांचे अशील होते. तारीख जवळ आलेली असताना वर्गणीला नाही म्हणणं त्यांना परवडलं नसावं.

सोसायटीकडे प्रोजेक्टर नव्हता. आमच्या कॉलेजच्या भौतिकशास्त्र विभागात सोळा मिलिमीटरचा एक होता, आणि विभागात तो चालवता येणारी व्यक्ती एकच होती: मी, दमयंती मयेकर, बी.एस्सी., प्रयोगशाळेतली डेमॉन्स्ट्रेटर, पद हंगामी. वकीलसाहेब कॉलेजच्या नियामक मंडळावर होते. त्यामुळे मला सभासद होण्याची तसदी कुणी दिली नाही. मी प्रोजेक्टरबरोबर आले.

मार्च महिन्यासाठी वकिलांनी 'स्याह किनारा' मागवला. छप्पन सालचा कृष्णधवल हिंदी चित्रपट. मुंबईचं बंदर, एक खून, एक हरवलेली बॅग आणि घरातही हॅट न काढणारा नायक. वकील अशा चित्रपटाला 'न्वार' म्हणत. हा फ्रेंच शब्द आहे आणि त्याचा अर्थ काळा, हे त्यांनी मला पाच वेळा सांगितलं. चित्रपट काळा आहे हे मला दिसतच होतं. बंदरावरच्या दृश्यांत तर प्रोजेक्टरचा दिवा गेला की काय, असं वाटावं इतका.

चार डबे एस.टी. पार्सलने आले. लावण्याआधी फिल्मच्या कडेची भोकं फाटलेली नाहीत ना, हे बघावं लागतं. त्या निमित्ताने मी प्रयोगशाळेचे पडदे ओढून चित्रपट दोनदा पाहिला. नायकाला दोन भाव येत होते: हॅट पुढे ओढलेला आणि हॅट मागे सारलेला. नायिका रडताना दर वेळी डावीकडे वळत होती. उजवा गाल बहुधा निर्मात्याला पसंत नसावा. पण या दोघांच्या आजूबाजूला माणसं काम करत होती. हॉटेलच्या काउंटरवरची एक बाई होती. ती गिऱ्हाइकाशी बोलता बोलता मागे न बघता खोलीची किल्ली बरोब्बर खिळ्यावर अडकवायची. एवढ्यावरून कळत होतं की ती दहा वर्षं त्याच स्टुलावर बसली आहे. प्रेत तपासणारा एक डॉक्टर होता, तो पूर्ण वेळ कानात पाणी गेल्यासारखा डोकं झटकत होता. एक हवालदार होता आणि बंदरावर दोर गुंडाळत बसलेला एक खलाशी होता. खरं तर तपास हीच माणसं करत होती. नायक फक्त वेळेवर तिथे पोचत होता.

सभासदांना वाटायचं दोन पानी टिपण लिहायचं कामही माझ्याकडेच होतं, कारण स्टेन्सिल कापणारा टाइपरायटर विभागाचाच होता. मी या माणसांबद्दल लिहिलं. वकिलांनी तांबडी पेन्सिल काढली.

"मिस मयेकर, हे काय? हॉटेलवाल्या बाईवर अकरा ओळी?"

"चांगली आहे ती, सर."

"आणि नायकावर?"

"तीन आहेत."

"तीन! त्याच्या डोळ्यांतली वेदना तीन ओळींत मावते?"

"हॅटच्या सावलीमुळे डोळे दिसतच नाहीत, सर. एकशे अठ्ठावीस मिनिटांत फक्त नऊ वेळा दिसतात. मी मोजलं."

"अहो, हेच तर न्वार!" वकील टेबलावर हात आपटून म्हणाले. "तुम्ही सायन्सवाले. दिसतं तेवढंच बघता."

आणि त्यांनी बाई, डॉक्टर, हवालदार आणि खलाशी यांच्यावर एकच आडवी रेघ मारली. त्यांच्या जागी डोळ्यांतल्या वेदनेवर दीड पान आलं. ते मीच टाइप केलं.

कार्यक्रमाची बातमी इथल्या साप्ताहिकात आली. चार दिवसांनी प्रयोगशाळेच्या दारात एक म्हातारा आणि एक म्हातारी उभी राहिली. म्हाताऱ्याने चपला बाहेर काढल्या, मग आतली लाकडी कपाटं आणि काचेची भांडी बघून परत घातल्या.

"शिनेमा इथंच हाय काय?"

"रविवारी आहे. शाळेच्या सभागृहात."

"ते ठाऊक हाय. रविवारचा नाय विचारत. त्येचं भेंडोळं इथं हाय काय, ते विचारतो."

तो धाकू तोडणकर. गाव नाटे, राजापूर तालुका. वय सहासष्ट. बरोबर त्याची बायको मथुरा. पहाटेच्या गाडीने निघून दोघं आले होते. मी स्टूल दिलं, त्यावर मथुराकाकी बसली. धाकूकाका उभाच राहिला आणि त्याने सांगायला सुरुवात केली. त्यातलं निम्मं मथुराकाकीने सांगितलं, कारण तो मध्येच थांबायचा.

छप्पन साली तो मुंबईला एका लाँचवर खलाशी होता. शूटिंगवाले बंदरावर आले. त्यांनी आणलेल्या नटाला दोर गुंडाळता येईना. मग कुणी तरी धाकूला पुढे ढकललं. दिवसभर काम चाललं. एका हवालदाराने त्याला विचारायचं, बॅग घेतलेला माणूस इथून गेला काय, आणि त्याने म्हणायचं, "हमने किसी को नहीं देखा, साब." एवढंच. दुसऱ्या वर्षी राजापूरला तंबूतला टॉकीज आला आणि त्यात हाच चित्रपट लागला. धाकू तेव्हा घरी आला होता. त्याने दोन होड्या करून गावातली एक्केचाळीस माणसं भरतीच्या पाण्यावर राजापूरला नेली. चित्रपट सुरू झाला, संपला. धाकू त्यात नव्हता.

"नव्हता म्हणजे?"

"म्हणजे नव्हताच गो," मथुराकाकी म्हणाली. "ह्यो हिरो आला, ती बाय आली, गाणी झाली, पोलिसानं पकडलान. आमचा माणूस कुठं नाय. परत येताना ओहोटी लागली नि होडी रुतली चिखलात. दोन तास. दोन तास सगळे ह्यांच्याकडं बघून हसत व्हते."

पुढे कळलं की एका दिवशी तीन खेळ बसवायला तंबूवाला ज्या भागात नायकही नाही आणि गाणंही नाही, तो भाग सरळ गाळायचा. पण हे कळलं सहा महिन्यांनी, तोवर गावात त्याची म्हण झाली होती. मनिऑर्डर आली नाही, की धाकूचा शिनेमा झाला. मुलाकडचे बघायला आले नाहीत, धाकूचा शिनेमा झाला. विहिरीला पाणी लागलं नाही, तरी तेच. सत्तावीस वर्षं. सगळ्यात जास्त बोलायचा बाबल्या, धाकूच्याच वयाचा, त्याच्याच बरोबर एका होडीवर वीस वर्षं काम केलेला.

"नातवाला मास्तरनी विचारलं, तुजा आजा काय करायचा," धाकूकाका म्हणाला. "पोरं म्हणाली, शिनेमात नव्हता. बग बाय. होता काय म्हणून सांगत नायत. नव्हता म्हणून सांगतात."

मी तिसरा डबा उघडला. ते दृश्य मला आठवत होतं, पण आठवणीवर विसंबण्याची मला सवय नाही. मी रीळ हाताने फिरवायच्या रहाटावर चढवलं, भिंग घेतलं आणि दृश्य शोधून काढलं. एक मिनिट चाळीस सेकंद. होतं.

"तोंड दिसतं काय?" त्याने विचारलं.

इथे मी खोटं बोलले असते तर बरं झालं असतं. पण मी भिंगातून बघत होते आणि जे दिसलं ते सांगून मोकळी झाले. दिवा वर होता, टोपी नाकापर्यंत ओढलेली होती. हनुवटी एक सेकंदभर उजेडात येत होती. बाकी सगळा वेळ उजेड हातांवर होता.

धाकूकाकाने भिंगाकडे पाहिलं. मग म्हणाला, "म्हणजे बाबल्या म्हणणार, ह्यो कोण पण आसंल."

"पण हात फार चांगले आहेत," मी म्हटलं. मला हे त्याला सांगायचंच होतं. वकिलांनी रेघ मारल्यावर मी चिडून या दृश्याच्या चौकटी मोजल्या होत्या. एका सेकंदाला चोवीस चौकटी. खलाशी दोराचा एक वेढा बावीस चौकटींत घालत होता. एकामागून एक, बावीस, बावीस, तेवीस. हवालदाराने प्रश्न विचारला, तो वेढा एक्केचाळीस चौकटींचा. मग "नहीं देखा, साब". आणि पुढचे तीन वेढे सतरा-सतरा चौकटींचे. म्हणजे खोटं बोलताना हात अडखळला आणि खोटं पचल्यावर घाईला आला. नायकाने एकशे अठ्ठावीस मिनिटांत असं काही केलं नव्हतं.

"हे तुम्हाला कुणी शिकवलं? दिग्दर्शकाने?"

"तो? तो सारखा टोपी खाली घे, टोपी खाली घे, म्हणून वराडत व्हता." धाकूकाका पहिल्यांदा हसला. "शिकवायला काय लागतं? कष्टमवाल्यापुढं मी काय कमी दोर गुंडाळलाय?"

"गप बसा," मथुराकाकी म्हणाली. "कालेज हाय हे."

रविवारी चार वाजताचा कार्यक्रम. पावणेचारला शाळेच्या दारात मासळीचा टेम्पो उभा राहिला आणि त्यातून नाटे गावची तेवीस माणसं उतरली. टेम्पो धुतलेला होता, पण मासळीचा टेम्पो धुतला तरी मासळीचाच राहतो. सभासदांनी रुमाल काढले. एक बाई, ज्यांच्या घरी आठवड्यातून पाच दिवस सुरमई असते हे मला ठाऊक होतं, नाकाला पदर लावून मागच्या रांगेत गेल्या.

"हे कोण लोक?" वकिलांनी मला विचारलं.

"प्रेक्षक, सर. पाहुण्यांची तिकिटं घेतली आहेत त्यांनी."

"यांना न्वार काय कळणार?"

"बंदर कळेल, सर."

माणसं पुढे सतरंजीवर बसली. मधोमध धाकूकाका, धुतलेला शर्ट, गळ्यापर्यंत गुंड्या. एका बाजूला मथुराकाकी, दुसऱ्या बाजूला बाबल्या. बाबल्या तिथे मुद्दाम बसला होता.

प्रमुख पाहुणे जिल्ह्यातले एक मोठे अधिकारी होते. ते चाळीस मिनिटं उशिरा आले. मग वकिलांनी पंचवीस मिनिटं प्रास्ताविक केलं. त्यात सावली हा शब्द एकोणतीस वेळा आला. खिडकीच्या गजांची सावली म्हणजे नियतीचा तुरुंग, असं ते म्हणाले. पाहुण्यांनी मान डोलावली आणि ती तशीच खाली राहिली. पहिलं रीळ सुरू झालं तेव्हा ते झोपले होते.

दुसरं रीळ निम्म्यापुढे गेलं होतं, तेवढ्यात वकील वाकून माझ्याकडे आले.

"मिस मयेकर, साहेबांना सव्वासातला निघायचंय. तिसरं रीळ गाळा. दुसऱ्यावरून डायरेक्ट चौथं."

"सर, तिसरं बत्तीस मिनिटांचं आहे."

"म्हणूनच. आहे काय त्यात? हिरो आहे का?"

"नाही."

"गाणं?"

"नाही. हॉटेलवाली आहे, हवालदार आहे, खलाशी आहे."

"झालं तर. मधलं कथानक मी दोन वाक्यांत सांगतो."

"सर, सत्तावन्न साली राजापूरला तंबूवाल्यानेही हाच भाग गाळला होता."

"म्हणजे त्याला कळत होतं!" वकील म्हणाले आणि वाकूनच परत गेले.

पुण्याचा चार आठवड्यांचा वर्ग आणि तंबूवाल्याची कात्री एकाच जागी येऊन पोचली होती. फरक एवढाच की तंबूवाल्याने नियतीवर भाषण केलं नव्हतं. माझं पद एप्रिलअखेर संपत होतं आणि पुढच्या वर्षीचा कागद नियामक मंडळापुढे जाणार होता. दुसरं रीळ संपायला अकरा मिनिटं होती. मी ती सगळी विचारात घालवली असं म्हणणं चूक होईल. पहिल्या मिनिटात ठरलं होतं. उरलेली दहा मिनिटं मला नुसती भीती वाटत होती.

दिवे लागले. एकच प्रोजेक्टर असल्यामुळे रीळ बदलायला तीन मिनिटं लागत. वकील पाहुण्यांना जागं करून चहा देण्यात गुंतले होते. मी तिसरा डबा उघडला. डब्यावर आकडा ठळक लिहिलेला होता, कुणीही येऊन बघू शकलं असतं. पण प्रोजेक्टरजवळ फार उकडत होतं आणि फोटोग्राफर पाहुण्यांपाशी होता, त्यामुळे इकडे कुणी फिरकलं नाही.

वकिलांनी मधलं कथानक सांगून टाकलं. दोन वाक्यांत नाही, नऊ वाक्यांत. मग दिवे गेले आणि त्यांनी जे सांगितलं होतं ते सगळं पडद्यावर सुरू झालं. ते अंधारात माझ्या दिशेने आले, दोन खुर्च्यांना अडखळले.

"हे काय? हे तिसरं आहे!"

"हो, सर."

"बंद करा."

"साहेब जागे आहेत, सर. बघताहेत."

खरोखरच बघत होते. चहाने त्यांना तरतरी आली असावी. वकील माझ्या शेजारी उभे राहिले, दर अर्ध्या मिनिटाला घड्याळाकडे बघत. अंधारात काटे दिसत नव्हते, तरी बघत.

एकोणिसाव्या मिनिटाला बंदर आलं. वर एक दिवा, खाली ओला धक्का, खुंटावर बसलेला माणूस. टोपी नाकापर्यंत. हातात दोर.

"हा," धाकूकाका म्हणाला. त्याचा आवाज मला मागे प्रोजेक्टरच्या खरखरीतून ऐकू आला.

"कुठं?" बाबल्या म्हणाला.

"हा काय. बसलेला."

"हा तू?"

"मी."

"तोंड कुठं हाय?" बाबल्या मोठ्याने म्हणाला. सतरंजीवर हसू सुरू झालं. "तोंड नाय, काय नाय. ह्यो कोण पण आसंल. मी पण आसंन! बगा रे, मी शिनेमात हाय!"

लोक जोरात हसले. मागच्या खुर्च्यांवरून "शूऽऽ" झालं. मथुराकाकी काही तरी बोलली, ते हसण्यात बुडालं. धाकूकाका एकदाही मागे वळला नाही, बाजूलाही नाही. मला त्याची पाठ तेवढी दिसत होती. पडद्यावर हवालदार आला, थांबला. वेढे पडत होते, बावीस, बावीस. मला वाटलं, उठावं आणि या लोकांना चौकटींचा आकडा सांगावा. त्या क्षणी मला आकड्यापलीकडे दुसरं काही सुचलं नाही, हे मी नोंदवून ठेवते.

आणि बाबल्या हसता हसता थांबला.

"थांब," तो म्हणाला. कुणाला म्हणाला कळलं नाही. तो उभा राहिला. त्याची सावली पडद्याच्या खालच्या भागात शिरली. "अरे... उलटा वळतोय!"

"काय?"

"दोर बगा! दोर उलटा वळतोय! डावरा हाय!" आता तो ओरडतच होता. "आयला, हा धाक्याच! वीस वर्सं मी ह्येचा पीळ सोडवत मेलो! सगळ्या दर्यात उलटा दोर वळणारा गाढव एकच! धाक्या, मेल्या, शिनेमात पण उलटाच वळलास रे!"

सतरंजीवरची माणसं एकदम पुढे सरकली. "उलटाच! उलटाच!" दोन म्हातारे बोटाने हवेत वेढे काढून दाखवू लागले. एक बाई म्हणाली, "मथुरे, तुजाच घो गो!" मथुराकाकीने पदर तोंडावर घेतला.

मी चौकटी मोजल्या होत्या. दोर कुठल्या दिशेने जातो, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

"मिस मयेकर," वकील माझ्या कानाशी म्हणाले, "तुम्ही फिल्म उलटी लावली असणार. आरशासारखी."

"मागच्या गोदामावरची पाटी वाचा, सर. अक्षरं सरळ आहेत."

त्यांनी पाटी वाचली. सबंध चित्रपटात त्यांनी बघितलेली ती पहिली सावली नसलेली वस्तू असावी.

पण खरा गोंधळ पुढेच झाला. नाटे गावात शिमग्याला खेळे होतात. त्यात एखाद्याचं सोंग आवडलं, की बघणारा उठून नोट देतो आणि सोंग तिथल्या तिथे थांबवून बक्षीस देणाऱ्याचं नाव पुकारतात. पुकारण्याचं काम रावजी नावाच्या गृहस्थाचं. तो टेम्पोतून आलेलाच होता. बाबल्याने खिशातून पाचाची नोट काढली आणि रावजी सवयीने उठून पडद्यासमोर गेला.

"आपल्या गावचे धाकू तोडणकर यांच्या सोंगावर खूश होऊन बाबल्या यांजकडून..."

"बसा! बसा खाली!" वकील किंचाळले. "हा सिनेमा आहे! खेळे नव्हेत!"

"जरा थांबवा गो बाय," रावजी प्रोजेक्टरच्या झोतात डोळे बारीक करून मला म्हणाला. "नाव पुकारतोय."

मी थांबवू शकत नव्हते. एकाच चौकटीवर दिव्याची उष्णता पडली तर फिल्म जळते, हे सांगायला वेळ नव्हता. यंत्र चालूच राहिलं. रावजी पुकारत राहिला. त्याच्या छातीवर हवालदार होता आणि कपाळावर दिवा. आणखी तीन माणसं नोटा घेऊन उठली. सगळे धाकूकाकाच्या पाठीवर थापा मारत होते, त्याला हलवत होते, त्याच्या कानात ओरडत होते. पाहुण्यांनी हे काय चाललंय असं विचारलं, शेजाऱ्याने सांगितलं, आणि त्यांनीही दहा रुपये काढून पुढे पाठवले. "माझंही नाव घ्या म्हणावं," ते म्हणाले. मग वकिलांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. साहेबांचं नाव पुकारलं गेलं तेव्हा सगळ्यात मोठी टाळी वकिलांची होती.

तोवर बंदर जाऊन हॉटेलचं काउंटर आलं होतं.

दिवे लागल्यावर धाकूकाका माझ्याकडे आला. हातात नोटा होत्या, त्या कुणी तरी कोंबलेल्या. शर्टाची एक गुंडी तुटली होती.

"झालं की हो काका," मी म्हटलं. "पटलं सगळ्यांना."

"पटलं," तो म्हणाला. "पण मी पुरतं बगितलंच नाय, बाय. रावजी मधी उभा व्हता."

मला आधी कळलं नाही. मग कळलं. सत्तावन्न साली त्याचा भाग गाळलेला होता. त्यानंतर तो चित्रपट इकडे कुठे लागलाच नव्हता. सत्तावीस वर्षं गावाला सांगत आलेल्या माणसाने स्वतः ते दृश्य अजूनही पुरतं पाहिलं नव्हतं.

फिल्म सोमवारी संध्याकाळच्या गाडीने परत जायची होती. मी त्या दोघांना सकाळी प्रयोगशाळेत बोलावलं. रात्री ते मथुराकाकीच्या भाचीकडे राहिले. पुढच्या आठवड्यात साप्ताहिकात बातमी आली, ती वकिलांनीच लिहिलेली होती. तिच्यात पाहुण्यांच्या मार्मिक रसिकतेचा उल्लेख होता, नायकाच्या डोळ्यांचा होता, आणि 'काही ग्रामीण प्रेक्षकांमुळे रसभंग झाला तरी' असं एक वाक्य होतं. सोसायटीला एप्रिलपासून दुसरा प्रोजेक्टर मिळाला. तो चालवायला कोणी नाही, असं कळतं.

पण ते पुढचं. सोमवारी सकाळी दहा वाजता मी पडदे ओढले, रीळ एकोणिसाव्या मिनिटापर्यंत पुढे नेलं आणि समोरच्या भिंतीवर उजेड पाडला. भिंतीला ओल होती, त्यामुळे धक्का अधिकच ओला दिसत होता. दोघं स्टुलांवर बसली होती. धाकूकाकाने हात मांडीवर ठेवले होते.

खुंट आला, दिवा आला, दोर आला. हनुवटी उजेडात आली, त्या एका सेकंदाला मथुराकाकी म्हणाली, "दाढी करायला काय झालं व्हतं?" धाकूकाका पुढे वाकला होता. पण त्याची नजर मला वाटली तिथे नव्हती. मी त्याच्या नजरेच्या रेषेत पाहिलं. तो दोराकडे बघत नव्हता.

दृश्य संपलं. मी यंत्र बंद केलं.

"ह्यो," तो म्हणाला.

"कोण?"

"हवालदार. काशीराम. देवरूखकडचा. गिरणीत व्हता, तिथल्या नाटकात कामं करायचा. दिवसभर त्या लोकरीच्या कोटात उभा, घाम नुसता. मी तेव्हा त्येच्याकडं बगितलंच नाय. मी खाली दोराकडं बगत व्हतो."

"त्याने काय केलं?"

"तू मोजलंस ना? मग?"

मी हवालदाराचं काहीच मोजलं नव्हतं.

"माजा हात चुकला," धाकूकाका म्हणाला. "आडकला. मी काय मुद्दाम नाय केलं सगळं, थोडं केलं, थोडं झालं. दोर वला व्हता. आणि ह्यो थांबला बग. त्यानं लगेच पुढचं बोलायचं व्हतं, तसंच ठरलेलं. पण नाय बोलला. माजा हात सुटंपर्यंत उभा ऱ्हायला. म्हणून माजं खोटं, खोटं दिसलं. नायतर नुसता एक खलाशी आडखळला असता नि त्यांनी कापून टाकलं असतं."

श्रेयनामावलीत काशीरामचं नाव नव्हतं. धाकूचंही नव्हतं. मी दोन्ही वेळा ती वाचली होती. नायकाच्या शिंप्याचं नाव होतं.

"त्येच्या घरच्यांनी बगितलं आसंल काय?" मथुराकाकीने विचारलं.

"तंबूवाला देवरूखला पण गेला व्हता," धाकूकाका म्हणाला, आणि स्टूल भिंतीच्या आणखी जवळ ओढून घेतलं. "परत लाव, बाय. आता त्येच्याकडं बगूया."